पाटी एक, लिहिणारे अनेक

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषिसल्ला प्रसिद्ध होतो. येत्या चार-पाच दिवसांत पाऊस किती पडेल, वारा किती वाहील, सोयाबीनची पेरणी उरकून घ्यावी की थोडे थांबावे, कापसावर आज फवारणी केली तर ती उद्याच्या सरींनी धुऊन तर जाणार नाही ना, असे प्रश्न त्यात हाताळलेले असतात. मृगाचा एखादा पाऊस पडावा, लोकांनी घाईने पेरावे आणि मग पंधरा दिवस पावसाने ओढ द्यावी, म्हणजे दुबार पेरणीचा खर्च आलाच. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड या तालुक्यांतल्या घरांत हे सांगावे लागत नाही. तेव्हा त्या सल्ल्यातील 'पाऊस इतके मिलिमीटर' हा आकडा बरोबर असण्याला मोल आहे.

हा आकडा येतो कोठून? भारतीय हवामान विभागाकडून येतो हे तुम्हाला ठाऊक असेल. परंतु त्यामागचे मोठे गणित पुण्याला पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या महासंगणकांवर केले जाते. २०१८ साली तेथे 'प्रत्यूष' नावाचा महासंगणक बसवला गेला. त्याची क्षमता होती ४ पेटाफ्लॉप. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेत 'अर्क' आला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी. तुम्ही न थांबता, न जेवता, न झोपता दर सेकंदाला एक गणित सोडवत बसलात, तर 'अर्क' एका सेकंदात जेवढे उरकतो तेवढ्याला तुम्हाला सुमारे ३७ कोटी वर्षे लागतील.

या वाढीव ताकदीचा उपयोग असा की, नकाशावरच्या चौकटी लहान करता येतात. पूर्वी अंदाजाची चौकट सुमारे १२ किलोमीटर बाजूची असे. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'मध्ये ती ६ किलोमीटरवर आली. परभणी जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे सव्वासहा हजार चौरस किलोमीटर आहे. भागाकार करून पाहा. १२ किलोमीटरच्या चौकटीने जिल्ह्याचे जेमतेम ४३ तुकडे पडत; ६ किलोमीटरच्या चौकटीने सुमारे १७४ पडतात. पालमला पाऊस आणि सोनपेठ कोरडे, असा फरक दिसण्याची शक्यता वाढली ती त्यामुळे.

आता खरा विषय. सेकंदाला एवढी गणिते करणारा असा एकच प्रोसेसर जगात नाही. महासंगणकात हजारो प्रोसेसर असतात, आणि अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत तर ते एका जातीचेही नसतात. या सगळ्यांनी एकाच स्मृतीत, म्हणजे एकाच पाटीवर लिहायचे आणि तिच्यावरूनच वाचायचे असले, तर एकाने लिहिलेले दुसऱ्याला कधी दिसते? आणि ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने दिसते काय? 'लिहिले की लगेच दिसणार, त्यात विचारायचे काय!' असे तुम्ही म्हणाल. तसे होत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

फळ्यावर दोन चौकटी काढा. एकीला 'क' आणि दुसरीला 'ख' म्हणा. दोन्हींत ० लिहा. आता दोन विद्यार्थी निवडा. त्यांना आपण सुनंदा आणि माधव म्हणू. सुनंदाने दोन कामे करायची: आधी 'क' मध्ये १ लिहायचा, मग 'ख' मध्ये काय आहे ते पाहून वहीत टिपायचे. माधवने उलट करायचे: आधी 'ख' मध्ये १ लिहायचा, मग 'क' पाहून टिपायचे. कोणी घाई करावी, कोणी रेंगाळावे, त्याला बंधन नाही. फक्त आपापली दोन कामे सांगितलेल्या क्रमाने करायची.

एकूण चार कामे झाली. दोघांचा आपापला क्रम न मोडता ही चार कामे एकामागून एक सहा प्रकारे होऊ शकतात. सहाही प्रकार कागदावर मांडा. एका प्रकारात सुनंदाच्या वहीत ० आणि माधवच्या वहीत १ येतो; एकात त्याच्या उलट; उरलेल्या चारांत दोघांच्याही वहीत १ येतो. दोघांच्याही वहीत ० असे कधीच होत नाही. का होत नाही तेही सोपे आहे. दोघांपैकी ज्याने नंतर लिहिले, त्याच्या आधी दुसऱ्याचा १ फळ्यावर आलेलाच असतो. आणि हा गडी स्वतः लिहून झाल्यावरच पाहतो. म्हणजे त्याला १ दिसलाच पाहिजे.

आता प्रयोगात थोडा बदल करू. फळा वर्गाबाहेर, लांब व्हरांड्याच्या टोकाला आहे असे समजा. लिहायला तेथपर्यंत जाण्यात वेळ जातो, म्हणून दोघांना एकेक मदतनीस द्या. सुनंदाने चिठ्ठीवर '‘क’ मध्ये १' असे लिहून मदतनीसाच्या हाती द्यायचे आणि आपले काम झाले असे समजून ताबडतोब पुढच्या कामाला लागायचे. 'ख' पाहण्यासाठी मात्र तिने दुर्बीण लावायची, म्हणजे ते चटकन होते. माधवनेही तसेच करायचे. आता दोन्ही मदतनीस व्हरांड्यातून चालत असतानाच दोघांनी दुर्बिणीतून पाहिले, तर? दोघांच्याही वहीत ०! जे अशक्य असल्याचे आपण आत्ताच सिद्ध केले, ते घडले. कोणी खोटे बोलले नाही, कोणी आपला क्रम मोडला नाही.

तुमच्या शाळेच्या संगणकखोलीतील यंत्रातही हे घडू शकते. आजचा प्रोसेसर सेकंदाला ३ अब्जांच्या आसपास ठोके घेतो. एका ठोक्याच्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटिमीटर जातो. मुख्य स्मृतीपर्यंत जाऊन यायला प्रोसेसरला १०० नॅनोसेकंदांच्या घरात वेळ लागतो, म्हणजे सुमारे ३०० ठोके. प्रत्येक वेळी लिहिल्यावर तो ३०० ठोके हात बांधून उभा राहिला, तर एवढा वेगवान प्रोसेसर घेतला कशाला? म्हणून प्रत्येक प्रोसेसरजवळ चिठ्ठ्यांची एक लहान रांग असते. लिहायचे ते रांगेत टाकायचे आणि पुढे जायचे. रांग सवडीने रिकामी होते.

एकट्या प्रोसेसरला याचा त्रास होत नाही, कारण स्वतःच्या चिठ्ठ्या त्याला माहीत असतात. त्रास होतो दोघांना मिळून काही ठरवायचे असते तेव्हा. सुनंदा-माधवचा खेळ म्हणजे खरे तर कुलपाचा खेळ आहे. 'मी आत जाऊ इच्छितो' अशी खूण करायची, दुसऱ्याने तशी खूण केली आहे का ते पाहायचे, केली नसेल तर आत जायचे. दोघांनाही ० दिसला, तर दोघेही आत शिरतात. परभणीहून परळी वैजनाथकडे जो फाटा जातो तशा एकेरी लोहमार्गावर दोन गाड्या समोरासमोर सोडण्यासारखेच हे झाले. रेल्वेने त्यावर पूर्वीपासून एक तोडगा काढला होता. एका टप्प्यासाठी दोन स्थानकांवर विजेने जोडलेली दोन यंत्रे असत आणि त्यांतून एका वेळी एकच पोलादी गोळा बाहेर निघे. तो गोळा हातात असल्याशिवाय चालकाने गाडी हाकायची नाही. संगणकातही असा गोळा असतो. 'वाच, बदल आणि लिही' ही तीन कामे मध्ये कोणालाही शिरू न देता एकदम करणारी खास आज्ञा प्रोसेसरला दिलेली असते. अर्थात ती महाग पडते, म्हणून जपून वापरतात.

दोन स्वभाव एका घरात

चिठ्ठ्यांच्या रांगेवर भागत नाही. प्रत्येक प्रोसेसर वारंवार लागणाऱ्या मजकुराची एक प्रत जवळच्या लहान स्मृतीत ठेवतो. तिला 'कॅश' म्हणतात. हा कॅश म्हणजे रोकड नव्हे. मूळ शब्दाचा अर्थ हाताशी लपवून ठेवलेला साठा असा आहे. प्रत जवळ असली की तीनशेऐवजी चार-पाच ठोक्यांत काम होते. पण मूळ पाटीवरचा आकडा बदलला, तर प्रत शिळी झाली. मोंढ्यात दहा व्यापाऱ्यांनी सकाळचा भाव आपापल्या वहीत उतरवून घेतला आणि दुपारी फळ्यावरचा भाव बदलला, तर वहीवाल्यांना ते कळवायचे कोणी?

येथे दोन जातींच्या प्रोसेसरांचे स्वभाव वेगळे होतात. साधा प्रोसेसर, म्हणजे सीपीयू, हा जुन्या पेढीवरच्या हिशेबनिसासारखा असतो. त्याला मोजकेच हात असतात, पण प्रत्येक काम विचारपूर्वक होते. त्याने एखादा आकडा बदलला की यंत्रणा इतर सर्वांना आपोआप निरोप धाडते: 'तुमच्याकडची प्रत बाद समजा.' त्यामुळे एका जागेपुरते सर्वांचे मत नेहमी एकच असते. याला आपण एकवाक्यता म्हणू.

दुसरी जात जीपीयूची. मुळात हा पडद्यावरची चित्रे रंगवण्यासाठी निघाला. चित्रात लाखो ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे गणित सारखेच. म्हणून यात सव्वीस जानेवारीच्या कवायतीसारखी रचना असते: हुकूम एक, हात हजारो. हवामानाच्या चौकटींचे गणितही असेच असते, म्हणून जीपीयूला तेही चांगले जमते. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने २०१६ पासूनच रोजचा अंदाज जीपीयूवर काढायला सुरुवात केली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत २०२० साली उभा राहिलेला 'परम सिद्धी-एआय' हा आपल्याकडचा या मिश्र जातीचा नमुना. नोव्हेंबर २०२० मध्ये तो जगातल्या पहिल्या शंभर महासंगणकांत होता. त्याच्या एकेका पेटीत ६४ गाभ्यांचे दोन सीपीयू आणि ए-१०० जातीचे आठ जीपीयू आहेत.

ए-१०० च्या पोटात १०८ कामगार-गट आहेत आणि प्रत्येक गट एका वेळी २,०४८ धागे सांभाळू शकतो. गुणाकार २ लाख २१ हजारांवर जातो. एवढ्यांनी लिहिलेल्या प्रत्येक आकड्यामागे 'प्रत बाद समजा' असा निरोप सगळीकडे धाडायचा ठरवले, तर निरोपांची गर्दी खुद्द कामापेक्षा मोठी होईल. म्हणून जीपीयू तसे करतच नाही. गटाजवळच्या कॅशमधील प्रत शिळी झाली तरी तिला कोणी कळवत नाही. त्याऐवजी ठरावीक क्षणी हुकूम सुटतो: 'हातातल्या सगळ्या चिठ्ठ्या पोचत्या करा, जवळच्या सगळ्या प्रती फेकून द्या, आणि ताजे वाचा.' तो हुकूम कोणी दिलाच नाही, तर शिळे ते शिळेच राहते.

हे दोन स्वभाव एका पाटीवर आणून बसवले की काय होते, ते आपल्या पावसाच्या उदाहरणावर पाहू. (पुण्यातल्या 'अर्क'चे मुख्य गणित सर्वसाधारण प्रोसेसरांवर चालते, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांसाठी १.९ पेटाफ्लॉपची वेगळी व्यवस्था आहे. तेव्हा पुढचे उदाहरण कल्पित समजा.) जीपीयू परभणी जिल्ह्याच्या १७४ चौकटींचा पाऊस काढून पाटीवर लिहितो. सगळे लिहून झाले की एका कोपऱ्यात 'तयार = १' अशी खूण करतो. सीपीयू त्या खुणेकडे डोळे लावून बसला आहे. खूण दिसली की तो आकडे उचलतो आणि नकाशा काढतो. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या दृष्टीने सगळे बिनचूक आहे: आधी आकडे, मग खूण.

परंतु लिहिलेल्या गोष्टी पाटीवर पोचण्याचा क्रम तोच राहील, असे वचन जीपीयूने दिलेलेच नाही. खुणेची चिठ्ठी जवळच्या वाटेने आधी पोचली आणि पालमच्या चौकटीची चिठ्ठी मागे रेंगाळली, तर सीपीयूला खूण दिसते, तो निर्धास्तपणे वाचतो आणि पालमच्या जागी मागच्या तासाचा ० उचलतो. तेथे ४० मिलिमीटर असायला हवे होते! नकाशा नेहमीसारखाच देखणा निघतो. यंत्र थांबत नाही, तक्रार करत नाही. शंका येऊन तीच आज्ञावली पुन्हा चालवली, तर या खेपेस चिठ्ठ्या योग्य क्रमाने पोचतात आणि उत्तर बरोबर येते. दहा हजार वेळा बरोबर आणि एकदा चूक, असा हा दोष असतो. संगणकातील सर्व दोषांत तो मला सर्वांत लबाड वाटतो, कारण शोधायला गेले की तो दडतो.

लक्षात घ्या, येथे एकवाक्यता मोडलेली नाही. पालमच्या चौकटीबद्दल शेवटी सगळ्यांचे एकमत होणारच आहे आणि खुणेबद्दलही. घोटाळा झाला तो दोन वेगळ्या जागांच्या आपसांतल्या क्रमाचा. अनेक जागांवरचे लिहिणे-वाचणे कोणत्या क्रमाने दिसेल, याच्या नियमांना स्मृतिसुसंगती असे म्हणता येईल. एकवाक्यता आणि सुसंगती यांत जाणती माणसेही गल्लत करतात. तुम्ही करू नका.

करार

या विषयाचा पाया १९७९ साली लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने घातला, तोही अवघ्या दोन पानांच्या निबंधात. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अनेक प्रोसेसरांचा संगणक बरोबर चालतो असे केव्हा म्हणावे? तर सर्वांची सगळी कामे जणू एकाच रांगेत, एकामागून एक झाली असती, आणि त्या रांगेत प्रत्येकाचा स्वतःचा क्रम कायम राहिला असता, तर जे उत्तर आले असते तेच यंत्राने दिले पाहिजे. आपल्या प्रयोगातले सहा प्रकार म्हणजे हीच रांग. या व्याख्येत दोन शून्यांना जागा नाही.

व्याख्या सुरेख, पण ती पाळायची तर चिठ्ठ्यांच्या रांगा आणि कॅशच्या पुष्कळ युक्त्या सोडाव्या लागतात, किंवा त्यांच्यावर सतत पहारा ठेवावा लागतो, वेग जातो. म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी आपापल्या सोयीने सवलती घ्यायला सुरुवात केली. इंटेलचे नियम वेगळे, आयबीएमचे वेगळे, मोबाइलमधल्या आर्म जातीच्या प्रोसेसरांचे आणखी वेगळे. आज्ञावली लिहिणाऱ्याने जावे कोणाकडे?

येथे पवईचा संबंध येतो. सरिता अडवे यांनी १९८७ साली मुंबईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढील शिक्षणासाठी त्या अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात गेल्या. १९९० मध्ये मार्क हिल या प्राध्यापकांबरोबर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी प्रश्नाची मांडणीच फिरवली. यंत्राला कोणत्या सवलती द्याव्यात यावर वाद घालण्याऐवजी यंत्र आणि आज्ञावलीकार यांच्यात एक करार करावा, असे त्यांनी सुचवले. आज्ञावलीकाराने एवढेच करायचे: ज्या जागांवरून प्रोसेसर एकमेकांना इशारे देतात, त्या जागांवर ठळक शिक्का मारायचा, आणि बाकीच्या जागांवर दोघांची झोंबाझोंबी होणार नाही अशी आज्ञावली लिहायची. त्याने एवढे पाळले, तर यंत्राने वचन द्यायचे की आतमध्ये आम्ही कितीही युक्त्या केल्या, तरी तुला दिसणारे उत्तर लॅम्पोर्टच्या एका रांगेतलेच असेल. शिक्का नसलेल्या जागांवर यंत्राला मोकळे रान आणि शिक्क्याच्या जागी कडक शिस्त.

१९९३ मध्ये याच विषयावर त्यांना पीएच.डी. मिळाली. पुढे त्या इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. जावा या भाषेचे स्मृतीविषयक नियम २००४ च्या सुमारास नव्याने लिहिले गेले आणि सी-प्लस-प्लस भाषेत असे नियम २०११ साली प्रथमच आले; दोन्ही कामांत त्यांचा मोठा वाटा होता आणि दोन्हींचा पाया हाच करार आहे. २०१८ चा केन केनेडी पुरस्कार त्यांना मिळाला. तुमच्या घरातल्या मोबाइलवरील बहुतेक आज्ञावल्या या करारावर विसंबून चालतात.

शिक्क्याच्या जागी यंत्र नेमके करते काय? ते वाटेत एक बांध घालते. शेतातला बांध जसा पाणी अडवून धरतो, तसा हा बांध चिठ्ठ्या अडवतो. जीपीयूने खूण करण्यापूर्वी बांध घालायचा: आधीचे सर्व आकडे पोचल्याशिवाय खूण पुढे सोडू नका. पण एवढ्याने भागत नाही. सीपीयूनेही खूण पाहिल्यावर आपल्या बाजूने बांध घातला पाहिजे: खूण दिसण्यापूर्वी घाईने वाचून ठेवलेले काही असेल, तर ते टाकून पुन्हा वाचा. देणाऱ्याचा एक आणि घेणाऱ्याचा एक, असे दोन्ही बांध हवेत. एकच घातला तर पाणी दुसरीकडून फुटते. आज्ञावल्यांमध्ये जे दोष सापडतात, त्यांतले बरेचसे या दुसऱ्या बांधाच्या विस्मरणाचे असतात.

हाक किती दूर जावी?

सीपीयू आणि जीपीयू एकत्र नांदू लागल्यावर कराराला नवा फाटा फुटला. जीपीयूमधल्या एका गटाला फक्त आपल्या गटातल्या सोबत्याला काही सांगायचे असेल, तर सगळ्या यंत्राची पाटी ताजी करून घेण्याचा खर्च कशाला? म्हणून इशाऱ्यांना पल्ला जोडण्याची कल्पना निघाली. वर्गापुरती हाक, शाळेपुरती घंटा आणि जिल्हाभर दवंडी, असे तीन पल्ले धरा. वर्गापुरती हाक स्वस्त. जिल्हाभराची दवंडी महाग, कारण ती जीपीयूमधून बाहेर पडून सीपीयूपर्यंत पोचवावी लागते. २०१३ पासून ओपन-सीएल या आज्ञाभाषेत असे पल्ले आले आणि २०१४ मध्ये मार्क हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मिश्र यंत्रांसाठी कराराचे सुधारित कलम मांडले.

अडचण उघड आहे. ज्याला ऐकू जायला हवे तो शाळेबाहेर उभा आणि आपण घंटा वाजवली फक्त शाळेपुरती, तर इशारा देऊनही न दिल्यासारखाच. म्हणजे शिक्का मारला एवढे पुरेसे नाही. पल्लाही अचूक निवडायला हवा. २०१५ मध्ये सरिता अडवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या पल्ल्यांनाच हरकत घेतली. यंत्राची आतली रचना थोडी सुधारली, तर पल्ले नसतानाही जवळजवळ तेवढाच वेग मिळतो, मग माणसाच्या डोक्याला हा ताप का, असे त्यांचे म्हणणे. व्यवहारात पल्ले टिकून राहिले आहेत. माझे मत विचाराल, तर नवशिक्याने आधी जिल्हाभराची दवंडीच पिटावी. बरोबर उत्तर आल्यावर मग खर्च कमी करण्याच्या मागे लागावे.

या हरकतीला बळ देणारी एक घटना त्याच वर्षीची आहे. जेड अल्ग्लाव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारे निरनिराळे जीपीयू घेऊन त्यांच्यावर सुनंदा-माधवच्या खेळासारख्या छोट्या कसोट्या पुन्हा पुन्हा चालवल्या. अनेक ठिकाणी अनपेक्षित निकाल मिळाले. विशेष म्हणजे जीपीयूसाठी आज्ञावली कशी लिहावी हे शिकवणाऱ्या एका प्रसिद्ध पुस्तकात छापलेले कुलूपच सदोष निघाले. ते लावल्यावरही आतल्या माणसाच्या हाती शिळा आकडा येऊ शकत होता. पुस्तक वाचून किती जणांनी ते कुलूप आपापल्या आज्ञावलीला लावले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

पाटीच नको म्हटले तर?

विचारी वाचकाच्या मनात आले असेल की, हा सगळा उपद्व्याप सामाईक पाटीमुळे आहे. मग प्रत्येकाला वेगळी पाटी का देऊ नये? तसेही करतात, आणि आपल्या पहिल्या महासंगणकात तसेच केले होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ मध्ये तेथे 'परम ८०००' तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे ब्रिटिश बनावटीचे प्रोसेसर होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरची स्मृती त्याची स्वतःची आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा. एकाला दुसऱ्याचा आकडा हवा असला की त्याने पत्र पाठवून मागायचा. पत्र हाती येईपर्यंत आकडा वापरताच येत नाही, त्यामुळे शिळी प्रत वाचण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पुढच्या 'परम ८६००' मध्ये तर एकेका घटकात इंटेलचा एक आय-८६० आणि चार ट्रान्सप्युटर अशी मिश्र जोडणी होती. म्हणजे दोन जातींचे प्रोसेसर एकत्र नांदवण्याचा अनुभव पुण्याला तेव्हापासूनचा आहे.

पत्रव्यवहाराला मात्र नकला कराव्या लागतात. मोठा मजकूर असला की नकलण्यातच वेळ जातो. म्हणून आजच्या महासंगणकांत दोन्ही रीती चालतात: एका पेटीतून दुसऱ्या पेटीकडे पत्र, पेटीच्या आत सामाईक पाटी. २०२३ साली तर एकाच तुकड्यावर सीपीयू आणि जीपीयू बसवून दोघांना खरोखरच एक स्मृती देणारा एमआय-३००ए हा प्रोसेसर बाजारात आला, आणि त्यावर उभारलेला 'एल कॅपिटन' हा अमेरिकन महासंगणक नोव्हेंबर २०२४ च्या जागतिक यादीत पहिला आला. तेथे दोघांमध्ये निरोप धाडण्याचे बरेचसे काम यंत्रच करते. क्रमाचे नियम आणि बांध मात्र तेथेही आहेत.

असे मिश्र यंत्र पाहायला अमेरिकेला जायला नको. शेतकरी कपाशीच्या बोंडाचा फोटो काढून तज्ज्ञाला पाठवतो, त्या मोबाइलमध्ये सीपीयू असतो, जीपीयू असतो आणि कॅमेऱ्याचे चित्र सुधारणारा तिसरा एक प्रोसेसर असतो. तिघांची स्मृती एकच. हा तिसरा गडी पुष्कळदा थेट पाटीवर लिहितो आणि सीपीयूच्या कॅशला त्याचा पत्ता नसतो. म्हणून चित्र वाचण्याआधी 'जुनी प्रत टाका' अशी आज्ञा मोबाइलच्या अंतर्गत आज्ञावलीत घालावी लागते. ती विसरली गेली, तर नव्या फोटोत आधीच्या मजकुराच्या आडव्या पट्ट्या उमटतात. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. आकड्यांतला दिसत नाही.

वर्गातला प्रयोग जमला असेल, तर आता चौघांना घेऊन करा. एकाने 'क' मध्ये १ लिहायचा, दुसऱ्याने 'ख' मध्ये. तिसऱ्याने आधी 'क' आणि मग 'ख' पाहायचा. चौथ्याने आधी 'ख' आणि मग 'क'. तिसऱ्याच्या वहीत '१, ०' आणि चौथ्याच्याही वहीत '१, ०' येऊ शकेल काय? तसे झाले, तर तिसरा म्हणेल 'क' आधी लिहिला गेला आणि चौथा म्हणेल 'ख' आधी. एका फळ्यावर हे अशक्य आहे. ते का, हे कागदावर सिद्ध करा. मग तिसऱ्या आणि चौथ्याला वर्गाच्या दोन टोकांना दोन वेगवेगळे फळे द्या, लिहिणाऱ्यांच्या चिठ्ठ्या दोन्ही फळ्यांवर पोचवायला वेगवेगळी मुले नेमा, आणि पुन्हा पाहा. इंटेलच्या प्रोसेसरांच्या नियमांत हा निकाल बसत नाही, आयबीएमच्या पॉवर जातीच्या नियमांत बसतो.